एकच सी कोड, तीन कंपायलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर एकाच सोर्समधून चालणारा सी प्रोग्रॅम ज्यांना सांभाळावा लागतो, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कंपायलर मुख्यतः तीन: जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी. फंक्शन, मॅक्रो आणि फ्लॅग यांची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत.

माझा कोड जीसीसीवर बिनबोभाट चालतो, एमएसव्हीसीवर नेला की एररचा पाऊस पडतो. चूक कोणाची?

आधी चूक कोणत्या थरातली आहे ते बघा. "कंपायलरचा फरक" या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात: भाषेतला फरक, लायब्ररीतला फरक आणि एबीआयमधला फरक, म्हणजे टाइपचे आकार, स्ट्रक्चरची मांडणी, फंक्शन बोलावण्याची पद्धत वगैरे. ढोबळ ओळख अशी. कंपायलर सिंटॅक्सवरच अडला तर भाषा. हेडर सापडत नाही किंवा लिंकर "हे फंक्शन कुठे आहे?" म्हणतो तर लायब्ररी. सगळं बिल्ड होतं, पण चालवल्यावर भलतंच दिसतं तर बहुधा एबीआय, नाहीतर अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे ज्याचं काय व्हावं हे स्टँडर्ड ठरवतच नाही असा कोड.

जीसीसीकडून एमएसव्हीसीकडे जाताना पहिल्या दिवशी जे एरर येतात, त्यांतले बरेचसे जीएनयूने (जीसीसी बनवणाऱ्या प्रकल्पाने) भाषेत घातलेल्या भरीचे असतात. कंसात गुंडाळलेलं स्टेटमेंट एक्स्प्रेशन, व्हॉइड पॉइंटरवर बेरीज, स्विचमध्ये "१ ते ५" अशी रेंज, शून्य लांबीचा ॲरे, रिकाम्या महिरपी कंसाने इनिशियलाइज करणं. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी काहीच आजही स्टँडर्ड सी नाही, आणि तेही सी २३मध्ये आलं. त्याआधीच्या कोडमध्ये कंसात एक शून्य लिहा, भांडण मिटतं. जीसीसीला स्टँडर्ड सांगितलं नाही तर तो जीएनयूची बोली धरतो: आवृत्ती ८पासून जीएनयू १७, आवृत्ती १५पासून जीएनयू २३. त्यामुळे "जीसीसीवर चालतं" हा पोर्टेबल असल्याचा पुरावा होत नाही. "-डब्ल्यूपेडँटिक" लावून बघा, बराच माल तिथेच उघडा पडतो.

आणि "युनिएसटीडी" हेडर सीचं नाही, पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या वेगळ्या स्टँडर्डचं आहे. ते विंडोजवर मिळत नाही याचं खापर कंपायलरवर फोडू नका.

मग कोणतं स्टँडर्ड धरून लिहावं?

आज नव्याने सुरुवात करत असाल तर सी ११ किंवा सी १७. दोन्हींत भाषा म्हणून फारसा फरक नाही, १७ ही मुख्यतः दुरुस्त्यांची आवृत्ती आहे.

एमएसव्हीसीने सी ९९कडे कित्येक वर्षं काणाडोळा केला. नेमलेले इनिशियलायझर, कंपाउंड लिटरल, ब्लॉकच्या मधेच व्हेरिएबल जाहीर करणं हे त्यात व्हिज्युअल स्टुडिओ (एमएसव्हीसी ज्यासोबत येतो ते पॅकेज) २०१३मध्ये आलं. २०१५मध्ये युनिव्हर्सल सीआरटी, म्हणजे विंडोजची नवी सी लायब्ररी आली आणि लायब्ररीही बऱ्यापैकी रुळावर आली. सी ११ आणि सी १७साठी अधिकृत फ्लॅग मिळाला तो २०१९च्या १६.८ आवृत्तीत, म्हणजे २०२०च्या अखेरीस.

तरी तीन गोष्टी टाळाव्यात असं मी सुचवेन. चालताना लांबी ठरणारे ॲरे, म्हणजे व्हीएलए, एमएसव्हीसीत नाहीत आणि ती उणीव नियमात बसते, कारण सी ११ने ते ऐच्छिक केले. कॉम्प्लेक्स टाइपचंही तेच. तिसरं, "अलाइन्ड-ॲलॉक" विंडोजच्या लायब्ररीत नाही: तिथल्या साध्या "फ्री"ला असा ब्लॉक सोडता येत नाही, म्हणून वेगळी अलाइन्ड मॅलॉक-फ्रीची जोडी वापरावी लागते. ॲटॉमिक्सचं हेडर एमएसव्हीसीत २०२२च्या १७.५पासून प्रायोगिक फ्लॅगखाली आलं. थ्रेड्सचं हेडर १७.८मध्ये. हे दोन्ही लागणार असतील तर किमान आवृत्ती आधीच जाहीर करून मोकळे व्हा.

सी २३ २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. मोहात पडण्यासारखं त्यात बरंच आहे, पण तिन्ही कंपायलरांवर सारखं मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

कोणता कंपायलर आहे हे कोडमधून कसं ओळखायचं?

शक्यतो ओळखूच नका. तुम्हाला हवी असते एखादी सोय आणि तुम्ही विचारता नाव, इथेच गाडी चुकते. क्लँग "जीएनयूसी" हा मॅक्रो स्वतःहून डिफाइन करतो आणि आपली आवृत्ती ४.२.१ असल्याचं सांगतो, मग खरा क्लँग कितीही नवा असो. विंडोजवरचा क्लँग-सीएल एमएसव्हीसीचा "एमएससी-व्हर" डिफाइन करतो. मॅकवर टर्मिनलमध्ये "जीसीसी" टाइप केलं की प्रत्यक्षात चालतो ॲपलचा क्लँग. त्याचे आवृत्ती क्रमांक क्लँगच्या मूळ प्रकल्पाच्या, एलएलव्हीएमच्या, क्रमांकांशी जुळत नाहीत, त्यामुळे "क्लँग १५च्या पुढे" अशी अट मॅकवर भलताच अर्थ घेते.

नाव विचारायचंच असेल तर क्रम सांभाळा: आधी क्लँग, मग जीसीसी, मग एमएसव्हीसी. एमएसव्हीसीसाठी आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: २०१३ म्हणजे १८००, २०१५ म्हणजे १९००, २०१९ म्हणजे १९२०पासून पुढे, २०२२ म्हणजे १९३०पासून पुढे.

सोय विचारायला "हॅज-ॲट्रिब्यूट", "हॅज-बिल्टइन", "हॅज-इन्क्लूड" आहेत. इथे एक खोच आहे. बरेच जण एकाच इफच्या ओळीत लिहितात: हॅज-बिल्टइन डिफाइन आहे का, आणि अमुक बिल्टइन आहे का? ज्या जुन्या कंपायलरला हॅज-बिल्टइन माहीतच नाही, तो तिथे सिंटॅक्स एरर देतो. पहिली अट खोटी निघाली तरी प्रीप्रोसेसरला पूर्ण ओळ वाचून तिचा अर्थ लावावाच लागतो. म्हणून दोन इफ एकात एक घाला. बाहेरचा खोटा ठरला की आतली ओळ उलगडलीच जात नाही. जीसीसीत हॅज-बिल्टइन आवृत्ती १०मध्ये आला, त्यामुळे ही अडचण अजून इतिहासजमा झालेली नाही.

"एसटीडीसी-व्हर्जन" मॅक्रोवरही डोळे झाकून विसंबू नका. एमएसव्हीसीला सी ११ किंवा १७चा फ्लॅग दिला नाही तर तो हा मॅक्रो डिफाइनच करत नाही.

प्रत्येक फाइलमध्ये इफडेफचं रान माजलंय. काय करावं?

एक हेडर करा आणि कंपायलरची नावं फक्त त्यातच येऊ द्या. इनलाइन न करण्याची सूचना, थ्रेड-लोकल, डीएलएलमधून एक्स्पोर्ट, प्रिंटएफसारख्या फंक्शनचा फॉरमॅट तपासण्याचं ॲट्रिब्यूट, प्रत्येकाला तुमच्या प्रकल्पाचा उपसर्ग लावून स्वतःचं नाव द्या. ज्या कंपायलरवर सोय नाही तिथे ते नाव रिकामं ठेवायचं, पण ते वगळून कोडचा अर्थ बदलत नसेल तरच. थ्रेड-लोकल रिकामं ठेवलं तर प्रोग्रॅम बिल्ड होईल आणि थ्रेड एकमेकांच्या व्हेरिएबलवर लिहीत बसतील. तिथे सरळ "एरर" डिरेक्टिव्ह टाकून बिल्ड थांबवा.

फरक एका ओळीचा नसून अख्ख्या वर्तनाचा असेल, उदाहरणार्थ डिरेक्टरी वाचणं किंवा प्रोसेस सुरू करणं, तर इफडेफऐवजी वेगळ्या फाइली करा. एक विंडोजची, एक पॉझिक्सची, दोन्हींचं हेडर एकच.

६४ बिट मशीन आहे, तरी विंडोजवर "लाँग" चारच बाइटचा कसा?

६४ बिट विंडोजवर इंट आणि लाँग दोन्ही ३२ बिटांचे, फक्त लाँग लाँग आणि पॉइंटर ६४. लिनक्स आणि मॅकवर लाँगही ६४. हे कंपायलरने नव्हे, प्लॅटफॉर्मने ठरवलेलं आहे. विंडोजवर मिनजीडब्ल्यूमधला (विंडोजसाठी जीसीसी पुरवणाऱ्या संचातला) जीसीसी वापरला तरी लाँग ३२च राहतो.

याचा फटका प्रत्यक्षात कसा बसतो ते बघा. फाइलच्या सुरुवातीला लिहायचं एक छोटं स्ट्रक्चर आहे: एक बाइटचा प्रकार आणि त्यापुढे लाँगमध्ये ऑफसेट. ६४ बिट लिनक्सवर प्रकाराचा १ बाइट, मग ७ बाइट पॅडिंग, मग ८ बाइट ऑफसेट, असे एकूण १६. विंडोजवर १, मग ३ पॅडिंग, मग ४, असे एकूण ८. एका ठिकाणी एफराइटने लिहिलेली फाइल दुसऱ्या ठिकाणी एफरीडने वाचली की पहिलाच ऑफसेट कचरा, आणि त्यापुढचं सगळं आठ बाइटांनी सरकलेलं. वॉर्निंग नाही, एरर नाही. लिनक्सवर लिहून लिनक्सवरच वाचणाऱ्या टेस्ट पास होत राहतात.

"लाँगऐवजी इंट६४-टी टाका" हा उपाय निम्माच आहे. स्ट्रक्चर जसंच्या तसं डिस्कवर टाकणं बंद करा, प्रत्येक फील्ड बाइट-बाइट करून, क्रम ठरवून लिहा. कोड थोडा वाढतो, पण पॅडिंग, एंडियननेस (बाइटांचा क्रम) आणि टाइपचे आकार हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. पॉइंटर पूर्णांकात ठेवायचा असेल तर इंटपीटीआर-टी, आकारांसाठी साइज-टी. जी गृहीतकं धरलीत ती स्टॅटिक ॲसर्टने, म्हणजे कंपाइल होतानाच तपासली जाणाऱ्या अटीने, लिहून टाका.

याच जातीचे आणखी काही फरक: "डब्ल्यूचार-टी" विंडोजवर २ बाइट, इतरत्र ४. लाँग डबल एमएसव्हीसीत नुसता डबलच असतो, ॲपलच्या एआरएम मॅकवरही तसंच, तर इंटेल जातीच्या लिनक्सवर ८० बिटांचा. साधा "कॅर" एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड, बाकी नेहमीच्या डेस्कटॉपवर साइन्ड. एफगेटसीचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी ताडून पाहणारा लूप एआरएम लिनक्सवर कधीच संपत नाही, त्याचं कारण हेच.

बिटफिल्डवर भरवसा ठेवता येतो का?

मेमरीत स्वतःपुरता वापर असेल तर खुशाल. बाहेर पाठवायचं असेल तर नाही. अनसाइन्ड कॅरचे ४ बिट आणि लगेच अनसाइन्ड इंटचे ४ बिट असं स्ट्रक्चर लिनक्सवर जीसीसी ४ बाइटांत बसवतो, एमएसव्हीसी टाइप बदलला की नवं घर धरतो आणि ८ बाइट घेतो. दोघंही नियमातच आहेत. शिफ्ट आणि मास्क वापरा.

एसएनप्रिंटएफ सगळीकडे सारखं वागतं ना?

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५पासून, हो. त्याआधी ते नव्हतंच, होतं ते अंडरस्कोरने सुरू होणारं जुनं भावंड. जुन्या प्रकल्पांत "विंडोज असेल तर एसएनप्रिंटएफ म्हणजे अंडरस्कोरवालं" असा मॅक्रो हमखास सापडतो. दिसला की काढून टाका. ते भावंड मजकूर मावला नाही तर शेवटी शून्य बाइट टाकत नाही आणि किती जागा लागली असती ते न सांगता ऋण आकडा परत देतं. बफर वाढवून पुन्हा प्रयत्न करणारा कोड त्या आकड्यावर फसतो.

फॉरमॅटचं म्हणाल तर साइज-टीसाठी "टक्का झेडयू" आणि ठराविक रुंदीच्या टाइपसाठी "इंटटाइप्स" हेडरमधले मॅक्रो. ६४ बिट आकड्याला "टक्का एलडी" लावू नका, विंडोजवर ते ३२ बिटच वाचतं. मिनजीडब्ल्यू वापरत असाल तर तुमचा टूलचेन जुन्या एमएसव्हीसीआरटी या विंडोजच्या लायब्ररीवर आहे की युनिव्हर्सल सीआरटीवर, ते तपासा. जुनीला "टक्का झेडयू" कळत नाही.

एमएसव्हीसी म्हणतो एसटीआरसीपीवाय असुरक्षित आहे, शेवटी "एस" असलेलं वापरा. ऐकावं का?

पोर्टेबल कोडमध्ये नको. ती फंक्शनं सी ११च्या ॲनेक्स के या परिशिष्टात ऐच्छिक म्हणून आली, पण जीलिबसीने (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने) ती घेतली नाहीत आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची रूपंही ॲनेक्सशी तंतोतंत जुळत नाहीत. एसटीआरटॉक-एसला मायक्रोसॉफ्टकडे तीन आर्ग्युमेंट, ॲनेक्समध्ये चार. वॉर्निंग बंद करणारा "सीआरटी-सिक्युअर-नो-वॉर्निंग्ज" मॅक्रो बिल्ड फाइलमध्ये टाका आणि बफरची लांबी स्वतः सांभाळा.

सारख्या नावाचा सापळा इतरत्रही आहे. क्यूसॉर्ट-आर जीलिबसीत आणि मॅकवर दोन्हीकडे आहे, पण संदर्भाचा पॉइंटर एकीकडे शेवटी येतो, दुसरीकडे तुलनेच्या फंक्शनच्या आधी, आणि तुलनेच्या फंक्शनमध्येही त्याची जागा वेगळी. एसटीआरएल-सीपीवाय मॅकवर पूर्वीपासून आहे, जीलिबसीत २.३८मध्ये, २०२३ साली आलं. ज्यांनी त्याच नावाने स्वतःचं लिहून ठेवलं होतं, त्यांचे बिल्ड तेव्हा अडले. पर्यायी फंक्शन लिहिताना स्वतःचा उपसर्ग लावायचा तो यासाठीच.

डीबगमध्ये चालतं, "-ओ२" लावलं की जीसीसीवर बिघडतं. एमएसव्हीसीवर मात्र ठीक. जीसीसीचा बग?

क्वचित. बहुतेकदा स्ट्रिक्ट अलायसिंग. फ्लोटचे बिट बघण्यासाठी त्याचा पॉइंटर इंटच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचला तर ते स्टँडर्डनुसार अनडिफाइन्ड आहे. जीसीसी आणि क्लँग ऑप्टिमायझेशन करताना हे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवूच शकत नाहीत असं धरून चालतात. एमएसव्हीसी टाइपवरून असा तर्क करत नाही, म्हणून तिथे निभावून जातं.

मेमसीपीवायने चार बाइट कॉपी करा. "एवढ्याशासाठी फंक्शन कॉल?" अशी शंका येते, पण ऑप्टिमायझेशन चालू असताना तिन्ही कंपायलर ती कॉपी एका मूव्हमध्ये उतरवतात. "-एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंग" फ्लॅग ही मलमपट्टी आहे. मोठा जुना कोड हाती आला तर ती लावायला लाज वाटू देऊ नका, नवा कोड तिच्या भरवशावर लिहू नका. साइन्ड पूर्णांकाचा ओव्हरफ्लो हा दुसरा नेहमीचा संशयित. जीसीसी आणि क्लँगचा अनडिफाइन्ड-बिहेवियर सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना अशा चुका तपासणारी सोय) तो ओळ क्रमांकासकट पकडून देतो. अलायसिंग मात्र त्याच्या जाळ्यात येत नाही.

नवा कंपायलर घेतला आणि वर्षानुवर्षं चालणारा कोड अडला. का?

कारण जे पूर्वी वॉर्निंगवर निभायचं ते आता एरर झालंय. क्लँग १६ने २०२३मध्ये आणि जीसीसी १४ने २०२४मध्ये, जाहीर न केलेलं फंक्शन बोलावणं हा एरर केला. कटकट वाटते, पण कारण भक्कम आहे. पॉइंटर परत देणाऱ्या एखाद्या फंक्शनचं हेडर घ्यायला विसरलात तर जुना कंपायलर ते इंट परत देतं असं समजायचा. ६४ बिट मशीनवर पॉइंटरचे वरचे ३२ बिट तिथेच गळायचे. कमी पत्त्यावरची मेमरी मिळाली तर चालायचं, नाही मिळाली तर क्रॅश.

त्याआधी जीसीसी १०ने दोन फाइलींत एकाच नावाचं ग्लोबल असणं नाकारलं. हेडरमध्ये "एक्स्टर्न" राहून गेलेलं असतं, ते लावा. जीसीसी १५चा जीएनयू २३ हा डिफॉल्ट आणखी वेगळा दणका देतो: "बूल" कीवर्ड झाल्याने स्वतःचा टायपडेफ मोडतो, आणि रिकामा कंस म्हणजे "काहीही आर्ग्युमेंट" नसून "एकही नाही". स्टँडर्डचा फ्लॅग बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेला असेल तर यातलं शेवटचं तुम्हाला शिवतही नाही.

पण "-एसटीडी=सी११" असं कडक लिहिलं की जीलिबसी एसटीआरडप, फाइलनो अशी पॉझिक्सची फंक्शनं लपवते. तेव्हा "पॉझिक्स-सी-सोर्स" मॅक्रो सगळ्या हेडरांच्या आधी डिफाइन करा. विंडोजवर गणितातला पाय (π) हा स्थिरांक हवा असेल तर "यूज-मॅथ-डिफाइन्स" तसाच आधी.

व्हेरिॲडिक (कितीही आर्ग्युमेंट घेणारे) मॅक्रो एमएसव्हीसीवर विचित्र का वागतात?

त्याचा जुना प्रीप्रोसेसर सगळी आर्ग्युमेंट दुसऱ्या मॅक्रोला एकच गोळा करून देतो. २०१९च्या १६.५पासून "/झेडसी:प्रीप्रोसेसर" आहे, सी ११चा फ्लॅग दिला की तो आपोआप लागू होतो.

फाइल विंडोजवर अर्धवटच वाचली जाते.

बायनरी फाइल "आर"ने उघडली असेल, "आरबी" हवं. टेक्स्ट मोडमध्ये विंडोजची लायब्ररी सीआर-एलएफची जोडी एक करते आणि २६ किमतीचा बाइट दिसला की फाइल संपली असं समजते. फाइल २ जीबीपेक्षा मोठी असेल तर एफसीकही पुरत नाही, कारण ते ऑफसेट लाँगमध्ये घेतं.

फाइलच्या नावात इंग्रजीबाहेरची अक्षरं असतील तर साधं एफओपन ते नाव सिस्टिमच्या कोडपेजनुसार वाचतं. एकतर यूटीएफ-१६ करून वाइड एफओपन वापरा, नाहीतर प्रोग्रॅमसोबतच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये यूटीएफ-८ कोडपेज मागा, जे विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून चालतं. सोर्समध्येच अशी अक्षरं असतील तर एमएसव्हीसीला "/यूटीएफ-८" द्यायला विसरू नका.

एका डीएलएलमधली मेमरी दुसरीकडे फ्री केली तर क्रॅश होतो.

विंडोजवर प्रत्येक डीएलएल आपली वेगळी सी लायब्ररी घेऊन येऊ शकते, आणि मग हीपही वेगळा असतो. ज्याने दिली त्यानेच सोडावी: लायब्ररीत स्वतःचं फ्री फंक्शन द्या. फाइल पॉइंटरही असेच सीमेपलीकडे नेऊ नका.

एकाच गणिताचं उत्तर शेवटच्या अंकांत का बदलतं?

गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये केली तर राउंडिंग एकदाच होतं. एआरएम ६४वर ही इन्स्ट्रक्शन कायम हाताशी असते आणि जीसीसी जीएनयू मोडमध्ये ती मुक्तहस्ते वापरतो. क्लँग १४पासून एका एक्स्प्रेशनपुरती वापरतो. "-एफएफपी-काँट्रॅक्ट=ऑफ" दिलं की हा फरक जातो. साइन, लॉग वगैरे फंक्शनं मात्र प्रत्येक लायब्ररीची वेगळीच राहतात, तेव्हा टेस्टमध्ये तंतोतंत बरोबरी न बघता मर्यादा ठेवा.

वॉर्निंग किती चालू ठेवाव्यात?

जीसीसी-क्लँगवर "-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -डब्ल्यूपेडँटिक", एमएसव्हीसीवर "/डब्ल्यू४". एमएसव्हीसीचं "/डब्ल्यूऑल" नावाने सारखं असलं तरी सिस्टिमच्या हेडरांवरही ओरडत सुटतं, त्याच्या नादी लागू नका. वॉर्निंगला एरर करणारा फ्लॅग तुमच्या सीआयपुरता (आपोआप होणाऱ्या बिल्ड-टेस्टपुरता) ठेवा. सोर्समध्ये वाटलात तर उद्याचा नवा कंपायलर नवी वॉर्निंग देईल आणि तुमचा कोड घेणाऱ्याचा बिल्ड फुकट अडेल.

सीमेक हे बिल्डचं साधन वापरलं की हे सगळं सुटतं का?

भाषेचं स्टँडर्ड सांगणं, जीएनयूची भर बंद करणं, एखादं फंक्शन किंवा हेडर आहे का ते छोटा प्रोग्रॅम कंपाइल करून पाहणं, एवढं तो नीट करतो. लाँग किती बाइटचा हे तो तुम्हाला सांगेल, पण तुम्ही तो फाइलमध्ये लिहिलाय हे त्याला दिसत नाही. इन्क्लूडमधली फाइलच्या नावाची चुकीची कॅपिटल-स्मॉल अक्षरंही विंडोजवर आणि मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर खपून जातात, लिनक्सवर बिल्ड केल्यावरच कळतात.